स्वस्त कॅमेरा आणि चुकीची तारीख

१/१६
पालघर तालुक्यातील एका गावाबाहेर, चिंचेखाली, एक वीरगळ उभी आहे. आज तिच्यावर ऑइल पेंटचा जाड थर आहे. त्याखाली काय कोरलेले आहे हे दाखवणारी छायाचित्रे माझ्याजवळ आहेत. ती एका जुन्या, प्राथमिक श्रेणीच्या डीएसएलआर कॅमेऱ्याने टिपली होती. पण त्या सर्वांवरील तारीख चुकीची निघाली. आजचा धागा त्या कॅमेऱ्याच्या पूर्वजांचा आणि त्या तारखेचा.

२/१६
आरंभ मुंबईपासून करू. १८३९ मध्ये पॅरिसला दागेरची प्रक्रिया जाहीर झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. भारतातील ही अशी पहिली संस्था. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील आघाडीचे भारतीय छायाचित्रकार. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला.

३/१६
परंतु त्या काळी कॅमेरा बाळगणे म्हणजे एक छोटी प्रयोगशाळा बाळगणे होते. १८५१ च्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर रसायन चढवायचे, ती ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वीच ते धुऊन काढायचे. यासाठी अंधारी खोली, तीही बहुधा तंबूतली, सोबत न्यावी लागे. काचा, रसायने आणि ती वाहणारी माणसे, असा सारा लवाजमा असे.

४/१६
हा खर्च सरकारला परवडत होता. १८५५ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने प्राचीन वास्तूंच्या नोंदीसाठी चित्रकारांऐवजी छायाचित्रणाचा पुरस्कार केला. मुंबई इलाख्यात हे काम कॅप्टन थॉमस बिग्ज यांच्याकडे आले. त्यांनी विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तू टिपल्या. यादी पाहा: सर्व नावे मोठी. गावकुसाबाहेरच्या वीरगळीपर्यंत असा लवाजमा कोण नेणार?

५/१६
नोंद एकाहून अधिक प्रकारे का असावी, याचे उदाहरण अजिंठ्याला आहे. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून तेथील भित्तिचित्रांच्या मोठ्या तैलप्रतिकृती केल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. गिल यांनी पुढे कॅमेराही हाती घेतला होता. त्यांची लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती, म्हणून ती अभ्यासकांना आजही उपलब्ध आहेत.

६/१६
१८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांचा कोडॅक आला आणि गुंडाळी फिल्ममुळे रसायनांचे ओझे छायाचित्रकाराच्या डोक्यावरून उतरले. आपल्या आजोबांच्या पिढीला आठवतो तो आग्फा क्लिक थ्री, जो पुढे भारतातही तयार होऊ लागला. एका रोलमध्ये फक्त बारा चित्रे. त्यामुळे बारसे, लग्न, शाळेचा निरोप समारंभ यांना प्राधान्य; पडक्या बुरुजासाठी रोल खर्च करणारा विरळाच.

७/१६
‘एसएलआर’ म्हणजे सिंगल लेन्स रिफ्लेक्स. लेन्समधून आलेला प्रकाश आतील तिरप्या आरशावर पडतो आणि वर वळून आपल्या डोळ्यापर्यंत येतो. जे चित्र उमटणार, तेच आपण आधी पाहतो. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि प्रकाश फिल्मवर पडतो. ‘खटाक्’ हा परिचित आवाज बराचसा त्या आरशाचा. डिजिटल एसएलआरमध्ये फिल्मच्या जागी सेन्सर असतो, एवढाच मूळ फरक.

८/१६
त्या सेन्सरचे एक वर्ष आमच्या भागासाठी ओळखीचे आहे. १९६९ मध्ये तारापूरचे अणुविद्युत केंद्र व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. त्याच वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. १९७५ मध्ये कोडॅकचे स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. १०० गुणिले १०० बिंदूंचे एक चित्र कॅसेटवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत.

९/१६
१९९१ चा कोडॅक डीसीएस हा निकॉनच्या अंगावर बेतलेला डीएसएलआर १.३ मेगापिक्सेलचा होता. त्याची किंमत वृत्तसंस्थांनाच परवडणारी. दार खरे उघडले ते २००३ मध्ये. ६.३ मेगापिक्सेलच्या कॅनन ३०० डीची अमेरिकेतील किंमत ८९९ डॉलर, म्हणजे हजाराच्या आत. पाठोपाठ २००४ मध्ये निकॉन डी ७० आला. ‘एंट्री लेव्हल’ ही श्रेणी रूढ झाली ती इथून.

१०/१६
स्वस्ताई कशी साधली? अंगाला धातूऐवजी प्लास्टिक, दर्शकात काचेच्या भरीव लोलकाऐवजी आरशांची जुळणी, एकच नियंत्रण चक्र आणि सोबत १८-५५ मि.मी.ची किट लेन्स. मात्र सेन्सर पुरेसा मोठा राहिला, शटरचा वेग नि लेन्सचे छिद्र हाताने ठरवण्याची मुभा राहिली आणि रॉ फाइलही मिळू लागली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला लागते ते नेमके एवढेच.

११/१६
आता आरसा नसलेले कॅमेरे आणि मोबाइल यांमुळे डीएसएलआर मागे पडले. त्यामुळे ते जुन्या बाजारात आवाक्यात आले. शिकवण्यांच्या पैशांतून बोईसरमध्ये मी असाच एक वापरलेला कॅमेरा घेतला. पहिल्याच पावसाळ्यात धडा मिळाला: किनाऱ्यावरील दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच. केळव्याच्या वाळूत उभे राहून लेन्स कधीही बदलू नये.

१२/१६
किल्ल्यांनी प्रकाश शिकवला. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर अशी ठाणी मराठ्यांनी घेतली. या किनारी कोटांच्या समुद्राकडील भिंती सकाळी सावलीत असतात. त्यांच्यासाठी दुपार कलू द्यावी. केळव्याच्या पाणकोटाला ओहोटीची वेळ पाहूनच जावे. आणि अणुकेंद्राचा परिसर प्रतिबंधित आहे. तिकडे कॅमेरा वळवूच नये.

१३/१६
वीरगळ दक्षिणाभिमुख आहे. हिवाळ्यातील सकाळचे तिरपे ऊन पडले आणि समोरून सपाट भासणारा दगड बोलू लागला: खाली ढाल-तलवारीचे युद्ध, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. पावसाळ्यानंतर पुन्हा गेलो, तर सर्वत्र चकचकीत रंग. तेथील आजी म्हणाल्या, “देव आहे तो, बाळा. त्याला रंग नको द्यायला?” मला उत्तर सुचले नाही. गावाने देव मानले म्हणूनच तो दगड कुणाच्या जोत्यात गेला नाही, हेही खरे.

१४/१६
विभागात ती छायाचित्रे दाखवली. मार्गदर्शकांनी एकच विचारले, “ही केव्हाची?” प्रत्येक फाइलच्या पोटात एक्झिफ नावाची नोंद असते: तारीख, वेळ, शटर, छिद्र. माझ्या फाइली काही वर्षांपूर्वीचा १ जानेवारी सांगत होत्या. कॅमेऱ्याचे घड्याळ शून्यावर गेले होते आणि घाईत मी ते लावलेच नव्हते. रंगाआधीचा एकमेव पुरावा हाती, आणि तोच कालहीन!

१५/१६
मराठी कागदपत्रांच्या अभ्यासकांना ही अडचण नवी नाही. कित्येक पत्रांत चंद्र आणि महिना असतो, वर्ष नसते. मग मजकुरातील घटना आणि जंत्री यांच्या साहाय्याने काळ ठरवतात. मीही तेच केले. त्या सकाळच्या चित्रांत बोईसर स्थानकाचा फलक होता, त्यावर वेळ स्पष्ट. मोबाइलमध्ये त्याच दिवशीचे केळवे रोडचे तिकीट होते, त्यावर तारीख. दोन्ही जुळवून कॅमेऱ्याच्या घड्याळातील फरक काढला. घड्याळ चुकीचे असले तरी चालू होते. म्हणून तोच फरक त्या दिवशीच्या प्रत्येक चित्राला लागू झाला. त्या सकाळपर्यंत दगडाला रंग नव्हता, हे आता पुराव्याने सांगता येते.

१६/१६
म्हणून मित्रहो, मेगापिक्सेलची चिंता सोडा. कॅमेरा हाती घेतल्यावर प्रथम घड्याळ तपासा. मूळ रॉ फाइल जपा आणि तिची प्रत दोन ठिकाणी ठेवा. दगडाशेजारी मोजपट्टी ठेवून एक चित्र घ्या, परिसराचेही एक घ्या. वहीत गाव, दिशा आणि कुणी काय सांगितले ते लिहा. बिग्ज यांच्या यादीत आपल्या गावाचे नाव नव्हते. ते लिहिण्याचे साधन आता आपल्या खांद्यावर लटकते आहे. तुमच्या गावच्या वीरगळीचे छायाचित्र खाली जरूर द्या, पण तारखेसह!