तगराचें कापड आणि तेरची गोधडी

धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं तेर नांवाचें गांव आहे. वारकऱ्यांस तें गोरोबाकाकांचें गांव म्हणून ठाऊक आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकांस तगर म्हणून. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांचें वर्णन लिहून ठेवलें. 'पेरिप्लस' या नांवानें तें प्रसिद्ध आहे. त्यांत असें सांगितलें आहे कीं, भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें फार मोठें शहर आहे. तगराहून पुष्कळसें साधें कापड, नाना तऱ्हेच्या मलमली आणि 'मोलोखिना' नांवाचें एक कापड गाड्यांत भरून, धड रस्तेहि नसलेल्या मुलखांतून, भडोचच्या बंदरास जात असे.

हें तगर कोठलें, यावर पंडितांनीं बरीच शाई खर्च केली. कोणी जुन्नर म्हणे, कोणी देवगिरी, तर कोणी धारूर. शेवटीं १९०१ सालीं फ्लीट यांनीं तगर म्हणजे तेर असें ठरविलें, आणि पुढें तेथें झालेल्या उत्खननांनीं त्यांस दुजोरा दिला. शिलाहार राजे कोंकणांत राज्य करीत असतांनाहि 'तगरपुरवराधीश्वर' हें बिरूद मोठ्या अभिमानानें मिरवीत. त्या नगराचा लौकिक किती टिकला होता, हें त्यावरून दिसतें.

आज तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयांत गेलें, तर मातीच्या मूर्ति, मणी, शंखाच्या बांगड्या, नाणीं, हस्तिदंती पुतळी असें नाना प्रकारचें वैभव पाहावयास मिळतें. मात्र ज्या कापडानें हें वैभव आणलें, तें पाहावयास मिळत नाहीं. यांत संग्रहालयाचा दोष नाहीं. कापूस हा पाण्याचा आणि वाळवीचा सोपा घांस. दोन हजार पावसाळे काढणें त्याच्या आवांक्याबाहेरचें. नेवाशास प्रागैतिहासिक काळांतील एका लहान मुलाच्या गळ्यांतील माळ सांपडली. तिचे मणी तांब्याचे होते, म्हणून आंतला दोरा तेवढा वांचला. गुलाटी यांनीं तो तपासून त्यांत कापूस आणि रेशीम असल्याचें सांगितलें. तांब्याचा गंज नसता, तर तोहि गेला असता.

कापडाची साक्ष मिळते ती भलत्याच ठिकाणीं. मिसर देशांत तांबड्या समुद्राच्या कांठीं बेरेनिके नांवाचें जुनें बंदर आहे. १९९४ सालापासून तेथें उत्खनन झालें, तेव्हां कोरड्या वाळूंतील उकिरड्यांत सुती कापडाचे तुकडे सांपडले. मिसरी लोक सूत एका बाजूनें पिळीत आणि हिंदुस्थानांत तें उलट्या बाजूनें पिळलें जाई. एवढ्या एका खुणेवरून संशोधकांनीं आपल्याकडचें सूत ओळखलें. त्यांत तगरचा एखादा धागा असेल काय, हें सांगण्यास आतां कोणी साक्षीदार नाहीं.

असें असलें, तरी कापडाचा इतिहास अजिबातच नाहींसा झाला, असें मात्र नाहीं. तो मराठवाड्यांतल्या घरोघरीं उतरंडीशेजारीं किंवा पेटीवर घडी घालून ठेवलेला असे. त्याचें नांव गोधडी. कोठें तिला वाकळ म्हणतात. लहान मुलाची ती दुपटें. संस्कृतांतला शब्द कंथा.

तुकडे जोडून वस्त्र करण्याची परंपरा तेरला किती जुनी असावी? तेथील त्रिविक्रमाचें देऊळ विटांचें असून त्याची पाठ हत्तीच्या पाठीसारखी गोल आहे. तें मूळचें बौद्ध चैत्यगृह असावें, असें हेन्री कझिन्स यांचें मत होतें. गांवांत स्तूपाचे अवशेषहि निघाले आहेत. म्हणजे एके काळीं येथें भिक्षूंचा वावर होता, आणि भिक्षूचें चीवर हें तुकड्यांचेंच असे. विनयपिटकाच्या महावग्गांत सांगितलें आहे कीं, मगधांतलीं बांध घातलेलीं शेतें पाहून बुद्धांनीं आनंदास विचारलें, भिक्षूंसाठीं अशा आंखणीचें चीवर करतां येईल काय? आनंदानें तें करून दाखविलें. त्यांतील मोठ्या तुकड्यास मंडल, लहानास अड्ढमंडल, मधल्या बांधासारख्या पट्टीस कुसि, आखूड पट्टीस अड्ढकुसि अशीं नांवें आहेत. कापड कापलेलें असलें, कीं चोरास त्याचा मोह होत नाहीं, हा त्यांतला व्यवहार. मध्य आशियाच्या वाटेवर तुन-ह्वांग येथील गुहेंतून १९०७ सालीं ऑरेल स्टाइन यांनीं लहानमोठ्या रेशमी तुकड्यांचें एक जुनें पट आणलें. बुद्धास वाहिलेलें तें वस्त्र पाहून आपल्याकडच्या गोधडीचीच आठवण होते.

भिक्षूचें चीवर आंखणीनें कापलें जाई. गोधडीचें गणित निराळें. तिच्यांतला तुकडा केवढा असावा, हें शिवणारी ठरवीत नाहीं, जुनें लुगडें ठरवितें. नऊवारी लुगड्याचा बसण्याचा भाग आधीं विरतो, खांद्याडोक्यावरचा पदर त्यामागून. निऱ्यांच्या आंतला भाग आणि कांठ मात्र मजबूत राहतात. म्हणून निऱ्यांतून मोठे चौकोन निघतात, कांठांच्या लांब पट्ट्या होतात आणि चोळी शिवून उरलेल्या खणाचीं त्रिकोणी ठिगळें मिळतात. एक तुकडा दुसऱ्याच्या मापाचा नाहीं, आणि तरीहि चारी कोपरे जुळून आले पाहिजेत! चार पाट्या भूमिति शिकलेल्या मुलासहि हें गणित सहज सुटावयाचें नाहीं. आणि तें सोडविणाऱ्या बायांपैकीं बहुतेकींनीं शाळेचें तोंडहि पाहिलेलें नसे.

रब्बीचीं कामें उरकून ज्वारी घरांत आली, कीं पावसाळ्यापूर्वीं हें काम निघे. सारवलेल्या जमिनीवर एक धडसें लुगडें पसरावयाचें, कोपऱ्यांवर दगड ठेवावयाचे, मध्यें विरलेल्या धोतरांचे थर आणि वर रंगीत तुकडे. मग कडेपासून धावदोरा घालीत, एकांत एक चौकटी करीत, मध्याकडे सरकावयाचें. दोन-तीन बाया दोन-तीन बाजूंनीं बसत. टांका आंखूड, दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा जास्त ओढला तर गोधडी गोळा होई, आणि सैल सोडला तर पहिल्याच धुण्यांत थर सरकत. सुईचें हें कौतुक गोरोबांच्या गांवास परकें नव्हे. संतमंडळी याच गांवीं जमली असतां गोरोबाकाकांनीं थापटण्यानें एकेकाचें डोकें तपासलें आणि नामदेवांस कच्चें मडकें ठरविलें, अशी परंपरागत कथा आहे. ते नामदेव कुळानें शिंपीच होते.

गोधडी वाचतां येते, ती रंगांवरून. जुन्या रंगाऱ्यांजवळ नीळ होती, आलीच्या मुळांचा तांबडा होता, आणि करडईच्या फुलांचा कुसुंबा होता. यांतला कुसुंबा फार नाजूक. चार धुण्यांत त्याची नुसती आठवण उरते. १८५६ सालीं लंडनमध्यें पर्किन या तरुणानें डांबरापासून जांभळट रंग काढला. त्यास 'मोव्ह' म्हणतात, आणि फ्रेंच भाषेंत तें एका रानफुलाचें नांव आहे. गंमत अशी, कीं पेरिप्लसमधल्या 'मोलोखिना' या शब्दाच्या मुळाशींहि तेंच फूल आहे. मात्र त्यावरून कापडाचा रंग समजावयाचा कीं तंतु, याविषयीं मतभेद आहेत. पुढें कृत्रिम तांबडा आला आणि १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारांत आली. इकडे सोलापूरला १८७७ सालीं पहिली कापडगिरणी सुरू झाली. १९११ सालीं बार्शी लाईट रेल्वे लातूरपर्यंत पोंचली. तगराच्या कापडाच्या गाड्या ज्या मुलखांतून बाहेर जात, त्याच मुलखांत आतां गिरणीचें कापड बाहेरून येऊं लागलें. गांवच्या कोष्ट्यास हा सौदा महागांत पडला. गोधडीला मात्र त्यानें फुलांचीं छापील चिटें आणि भडक गुलाबी-हिरवे रंग दिले, हेंहि कबूल केलें पाहिजे.

नंतर सोलापुरी चादरी आल्या आणि त्यामागून कृत्रिम धाग्याचीं पातळें. तें पातळ विरत नाहीं, घाम शोषीत नाहीं, आणि टांकाहि नीट धरीत नाहीं. गोधडीच्या दृष्टीनें तें निरुपयोगीच. आज शहरांतल्या दुकानांत नव्या कापडाचे तुकडे मुद्दाम कापून शिवलेल्या गोधड्या विकत मिळतात. त्या देखण्या असतात, त्यांवर बायांस चार पैसेहि मिळतात, म्हणून त्यांस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पण त्यांतला कोणता तुकडा कोणाच्या अंगावरचा, हें विचारण्याची सोय उरलेली नाहीं.

घरची गोधडी फाटली, तर ती टाकून देत नसत. तीच मध्यें घालून वर-खालीं नवे तुकडे लावीत आणि पुन्हां टांके घालीत. त्यामुळें एखाद्या जुन्या गोधडीची उसवलेली कड उचलून पाहिलें, तर आंत दुसरी गोधडी दिसते. वर सुनेच्या छापील पातळाचा तुकडा, त्याखालीं सासूच्या इरकली लुगड्याचा कांठ, आणि त्याखालीं, रंग पार उडालेलें, तिच्याहि सासूचें कांहींतरी. तेरच्या पांढरीच्या टेकाडांत उत्खनन करणारे असेच थर मोजीत खालीं गेले होते.