तपासणाऱ्या हाताची परीक्षा

पालकसभा संपली, बायका निघून गेल्या, एक आई मात्र वर्गात रेंगाळली. दुपट्ट्याच्या टोकाची गाठ सोडून तिने घडी घातलेला कागद पुढे केला. "आपा, इसमें क्या लिखा है, देखो ना." तिचं शिक्षण उर्दूत झालेलं, आणि कागद इंग्रजी-मराठीत. एका आरोग्य शिबिरात तिच्या गर्भाशयमुखाची तपासणी झाली होती. कागदावर एवढंच होतं, 'व्हीआयए पॉझिटिव्ह'. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर झालाच, असं समजून तिने तीन रात्री जागून काढल्या होत्या. मला वाचता आलं, पण अर्थ सांगता आला नाही. मग तिने विचारलं, "जिस सिस्टर ने देखी, उसको बराबर आता था क्या? उसकी परीक्षा कौन लिया?"

तिच्या पहिल्या शंकेचं उत्तर डॉक्टरांकडे होतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मात्र मी इतिहासात शिरले.

प्रश्न जुना आहे. हिजरी ३१९, म्हणजे इसवी सन ९३१. बगदादमध्ये एका वैद्याच्या चुकीने रुग्ण दगावल्याची बातमी खलिफा अल-मुक्तदिर यांच्यापर्यंत पोहोचली. त्यांनी हुकूम काढला की, सिनान इब्न साबित यांनी परीक्षा घेऊन परवानगी दिल्याशिवाय कुणीही तबीबी करायची नाही. नामांकित आणि दरबारी हकीम सोडून साडेआठशेहून अधिक जणांची परीक्षा झाली, असं इब्न अल-किफ्ती यांनी लिहून ठेवलं आहे. त्यात एक वयस्कर गृहस्थ आले. आपल्याला धड लिहिता-वाचता येत नाही, पण घर याच कामावर चालतं, असं त्यांनी कबूल केलं. सिनान यांनी त्यांना अटीवर सोडलं: जे कळत नाही त्याला हात लावायचा नाही. प्रत्येकाला जेवढं येतं तेवढंच काम द्यावं आणि तेवढं येतं की नाही हे आधी पाहावं, हा विचार हजार वर्षांपूर्वी कागदावर आला होता.

आता आपल्या शेजारी या. जामखेड तालुक्याची हद्द ओलांडली की भूम आणि परांडा लागतात, आणि पुढे बार्शी. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या आधाराने १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. बी. एम. नेने आणि त्यांचे सहकारी बार्शी, भूम, परांड्याच्या गावोगाव फिरत. नोंदी घेत आणि बोलतही. अंगावरून जाणं, पाळी गेल्यावर रक्त दिसणं, ही लक्षणं लपवू नका, हे सांगत. काही वर्षांत असं दिसलं की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. नवं यंत्र नव्हतं, नवं औषध नव्हतं. गावात जाऊन केलेल्या बोलण्याचा हा परिणाम होता.

याच भूमीवर पुढे जगाने दखल घेतलेला प्रयोग झाला. ऑक्टोबर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून काम सुरू केलं. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, चार गट. पहिल्या गटाची एचपीव्ही या विषाणूची चाचणी झाली. हाच विषाणू या कर्करोगाच्या मुळाशी आहे, हे दाखवणारे हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. दुसऱ्या गटाची पॅप स्मिअर झाली, म्हणजे पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. तिसऱ्या गटाची व्हीआयए. यात गर्भाशयमुखाला सिरक्यासारखं सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उठतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहतात. चौथ्या गटाला माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा मिळाली, तपासणी नाही.

डॉ. रंगास्वामी शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये निष्कर्ष छापले. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ या कर्करोगाने गेल्या. एचपीव्ही चाचणीच्या ३४,१२६ पैकी ३४. एका चाचणीने मृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. पॅप स्मिअरच्या गटात ५४ आणि व्हीआयएच्या गटात ५६ मृत्यू झाले. हा फरक खात्रीने घट म्हणावी इतका नव्हता.

मग व्हीआयए निरुपयोगी ठरली का? इथे मुंबईकडे पाहावं लागतं. टाटा मेमोरियलच्याच डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं होतं. त्यांनी नोंदवलेलं निदान तज्ज्ञांच्या निदानाशी ताडून पाहिलं गेलं आणि ते चांगलं जुळलं. दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या झाल्या. त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

दोन्ही अभ्यास एकसारखे नव्हते. धाराशिवला एक फेरी, मुंबईत चार. त्यामुळे सगळा फरक हाताच्या कौशल्याचा, असं म्हणता येणार नाही. पण एक गोष्ट उघड आहे. एचपीव्ही चाचणीचा निकाल यंत्र देतं. व्हीआयएचा निकाल एका बाईची नजर देते. डाग आहे की नुसती सूज, हे ठरवणारी नजर तयार करावी लागते, आणि तयार झाल्यावरही पुन्हा पुन्हा तपासावी लागते. दहावी शिकलेली बाई हे करू शकते, तसंच पदवी असूनही एखाद्याचं चुकू शकतं.

बी.एड.ला असताना माझ्या सराव पाठाला निरीक्षक मागच्या बाकावर बसत. अध्यापनशास्त्राच्या पेपरात चांगले गुण होते. फळ्यासमोर उभी राहिले तेव्हा हात थरथरला आणि निरीक्षकांनी वहीत ते लिहिलं. त्या शेऱ्यांनीच मला शिक्षिका बनवलं. वैद्यकीय शिक्षणात हीच गोष्ट जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये चार पायऱ्यांत मांडली: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि खऱ्या कामात करणं. त्याआधी १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी शहरात रोनाल्ड हार्डन यांनी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात प्रत्यक्ष कौशल्य दाखवण्याची परीक्षा आणली. भारतात २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. पॅप स्मिअर घेणं त्यात आहे, पण कृत्रिम प्रतिकृतीवर. मिलर यांच्या भाषेत ही तिसरी पायरी झाली. आपल्या जिल्ह्यात लोणीला आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरची चौथी पायरी कुणीतरी शेजारी उभं राहून पाहायला हवी. आणि सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हीआयए करणाऱ्या एएनएमचीही.

जामखेडला ही पद्धत नवी नाही. १९७० च्या दशकात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अक्षरओळख नसलेल्या गावातल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. त्या नियमाने जामखेडला परत येत, गावात काय पाहिलं ते सांगत, पुन्हा शिकत. एकदा शिकून प्रमाणपत्र घेतलं की संपलं, असं तिथे नव्हतं.

या इतिहासात एक कर्ज आहे. तपासणी न करता चौथ्या गटाचं फक्त निरीक्षण करणं योग्य होतं का, असा आक्षेप अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा यांनी जाहीरपणे घेतला. तेव्हा भारतात बहुतेक बायकांना कुठलीच तपासणी मिळत नव्हती, तीच परिस्थिती आम्ही तुलनेला घेतली, असं संशोधकांचं म्हणणं. वाद मिटलेला नाही. पण ते ६४ मृत्यू आपल्या शेजारच्या गावांतले आहेत. त्यांच्यामुळे जगाला जे कळलं, ते त्यांच्या मुली-सुनांपर्यंत पोहोचलं का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नव्हती.

आपल्या घरांत आणखी एक अडसर आहे. "ये बीमारी अपने में नहीं होती," असं मी ऐकलं आहे. त्यात अर्धं सत्य आहे. २००२ मध्ये पाच देशांतल्या संशोधनात खतना झालेल्या पुरुषांत एचपीव्हीचा संसर्ग कमी आढळला. कमी म्हणजे शून्य नव्हे. आणि हयेचं म्हणाल, तर तपासणारी बाईच मागा, पडदा मागा. तो आपला हक्क आहे. तपासणी टाळण्याचं ते कारण नाही.

त्या आईसोबत मी मोठ्या दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी सांगितलं, पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, पुढे नीट पाहायला हवं एवढाच अर्थ. कॉल्पोस्कोपी झाली. कर्करोगाआधीची अवस्था होती, उपचार झाले. शिबिरातल्या सिस्टरची नजर बरोबर निघाली.

येताना एसटीत ती म्हणाली, "उसको आता था, आपा." मग थोड्या वेळाने, "मेरी ननंद को भी भेजती हूँ."