बीडहून एका दिवसात धारूर, अंबाजोगाई आणि परळी : गाडीने सहल कशी आखावी?

बीड शहरातून निघून खजाना विहीर, धारूरचा किल्ला, अंबाजोगाई आणि परळी पाहून रात्री परत यायचे, तर गाडी साधारण २३० ते २५० किलोमीटर चालते. अंतराच्या हिशेबाने हे एका दिवसाचे काम आहे. अडचण येते ती उन्हाची आणि उजेडाची. भर दुपारी धारूरच्या किल्ल्यावर पोचलेली मंडळी दरवाजा पाहूनच परत फिरतात. अंबाजोगाईत अंधार पडताना पोचले, तर देवीचे दर्शन होते, पण लेणी हुकतात. त्यामुळे ठिकाणांची यादी करण्याआधी त्यांचा क्रम ठरवावा.

कोणत्या वाटेने जावे?

बीडहून धारूरला दोन वाटा आहेत. वडवणी-तेलगाववरून गेल्यास शेवटी धारूरचा घाट लागतो. हा घाट अरुंद आणि अवघड वळणांचा आहे, आणि एखादा मालट्रक अडकला की सकाळ तिथेच जाते. दुसरी वाट मांजरसुंबा, नेकनूर, केज अशी आहे. ती थोडी लांबची, पण खजाना विहीर याच बाजूला आहे. येताना परळी, सिरसाळा, तेलगाव, वडवणी असा रस्ता धरला की घाट टळतो आणि एकच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही.

सकाळ : कंकालेश्वर आणि खजाना विहीर

सुरुवात शहरातच, साडेसहाच्या सुमारास करावी. कंकालेश्वराचे मंदिर पायऱ्यांच्या दगडी कुंडाच्या मधोमध उभे आहे. ते चालुक्य-यादव काळातले मानले जाते. पावसाळ्यानंतर कुंड भरलेले असते आणि सकाळी गर्दी नसते, त्यामुळे बाहेरच्या भिंतींवरची शिल्पे निवांत पाहता येतात. अर्धा तास पुरतो.

शहराच्या दक्षिणेला सुमारे ६ किलोमीटरवर खजाना विहीर आहे. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, १५८२ च्या सुमारास, सलाबत खानाने ती बांधून घेतली. राजा भास्कर हा तिचा स्थापत्यकार. खजिना या विहिरीत घातला म्हणून हे नाव पडले, अशी गोष्ट सांगतात. पण पाहण्यासारखी गोष्ट आहे ती पाण्याच्या व्यवस्थेची. जमिनीखालच्या दोन वाटांनी पाणी विहिरीत येते आणि तिसऱ्या वाटेने, पंप नाही की मोट नाही, केवळ उताराने शेतांकडे जाते. दुष्काळासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात चारशेहून अधिक वर्षांपूर्वी केलेली ही सोय समजून घ्यायला थोडे थांबावे. पायऱ्या शेवाळलेल्या असू शकतात, म्हणून लहान मुलांचा हात सोडू नये.

धारूरला ऊन चढण्याआधी

केजवरून धारूर सुमारे २० किलोमीटर आहे. आठला विहिरीवरून निघाले तर साडेनऊपर्यंत किल्ल्याच्या दारात पोचता येते. बालाघाटाच्या डोंगररांगेतला हा किल्ला तीन बाजूंनी दरी आणि चौथ्या बाजूला खंदक अशा जागी आहे. म्हणून चढण फारशी नाही, पण सावलीही नाही. पाणी, टोपी आणि बूट लागतात. खाण्याचे सामान केजलाच घेतलेले बरे.

जुने नाव महादुर्ग. आज दिसणारी बांधणी मुख्यतः विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार किश्वर खान याच्या काळातली आहे. १५६९ मध्ये मुर्तजा निजामशहाने किल्ल्यावर हल्ला केला, त्या लढाईत किश्वर खान बाण लागून मारला गेला आणि किल्ला निजामशाहीकडे गेला. सकाळी पाहिलेली विहीर याच मुर्तजाच्या कारकिर्दीतली, हे इथे उभे राहिल्यावर लक्षात येते. १६३१ मध्ये मोगल सरदार आझम खानाने किल्ला घेतला. मोगल काळात धारूरला फत्तेहाबाद म्हणत.

आत तटबंदी, बुरूज आणि पाण्याचे मोठे हौद पाहायला दोन तास हवेत. हौदांच्या काठाला सगळीकडे कठडा नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर गवत कमरेएवढे वाढते, तेव्हा पायवाट सोडू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या भागातल्या रस्त्यांवर सीताफळांच्या पाट्या दिसतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा डझनभर घ्यायला हरकत नाही.

अंबाजोगाईसाठी दुपार राखून ठेवावी

धारूर ते अंबाजोगाई साधारण ३५ किलोमीटर. जेवण इथेच करावे आणि किमान तीन तास द्यावेत. निजामाच्या काळात या गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि इथे घोडदळाची छावणी होती. योगेश्वरी ही अनेक कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता. त्यामुळे पुण्या-मुंबईकडचे बरेच जण दर्शन घेऊन लगेच निघतात आणि गावातला अर्धा इतिहास न पाहताच जातात.

सर्वात आधी हत्तीखाना किंवा शिवलेणी गाठावी. खडक खोदून केलेला चौक, त्यात नंदीमंडप आणि दगडी हत्ती आहेत. लोक याला जोगाईचा मांडव म्हणतात. परळीच्या वैजनाथाशी देवीचे लग्न ठरले, मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाचे दगड झाले, अशी इथली कथा आहे.

यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याने गावात मंदिरे उभारली. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत मारला गेला. त्याच्या स्मरणार्थ बहीण लक्ष्मीने मंदिर बांधल्याचे शके ११६२ चा, म्हणजे इ.स. १२४० चा शिलालेख सांगतो. भावासाठी बहिणीने कोरवून ठेवलेला हा मजकूर मराठवाड्यातल्या शिलालेखांमध्ये वेगळाच म्हणावा लागेल.

मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर, दरीच्या बाजूला आहे. त्यांच्या विवेकसिंधूचा काळ परंपरेने शके १११० मानतात. दासोपंत (१५५१–१६१५) यांचीही समाधी इथेच. सुमारे ४० फूट लांब कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिले, तीच दासोपंतांची पासोडी. ती पाहायची असेल तर आधी गावात चौकशी करावी.

परळी धरावी की सोडावी?

परळी २५ किलोमीटरवर आहे. वैजनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. साडेचारपर्यंत अंबाजोगाई आटोपली तरच परळीला जावे. उशीर झाला असेल, तर केजमार्गे सरळ बीड गाठावे. ते अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे आणि परळीहून परततानाही जवळपास तेवढेच पडते. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला परळी, तर नवरात्र आणि मार्गशीर्षातल्या उत्सवात अंबाजोगाई गर्दीने भरलेली असते. त्या दिवशी हा बेत आखूच नये. मे महिन्यातही नाही.

गाळपाच्या हंगामात अंधार पडल्यावर उसाने भरलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. त्यांच्या मागच्या ट्रॉलीला बऱ्याचदा दिवा नसतो, म्हणून सिरसाळ्यानंतर वेग कमीच ठेवावा.