आवर्तकाल मोजणाऱ्या इंटरप्टचे वेधशाळेतील कूळ

मायक्रोकंट्रोलरमध्ये टायमर अखंड चालू असतो. सिग्नलची चढती कड आली की इंटरप्ट येतो. प्रोसेसर हातातले काम थांबवून टायमरचा आकडा टिपतो. पुढच्या चढत्या कडेला मिळालेल्या आकड्यातून तो वजा केला की सिग्नलचा आवर्तकाल मिळतो.

या रीतीचे कूळ सहसा पल्स मोजणाऱ्या काउंटरशी जोडले जाते. विन-विल्यम्स यांनी 1930च्या दशकाच्या आरंभी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत अल्फा कण मोजण्यासाठी दोनाने भागणारी मंडले उभारली. टायमरचा सांगाडा त्याच घराण्यातला आहे. काउंटर मात्र ठरावीक वेळातल्या पल्स मोजतो. 50 हर्ट्झचा सिग्नल सेकंदभर मोजताना एका पल्सची चूक म्हणजे 2 टक्के. तोच 20 मिलिसेकंदांचा आवर्तकाल एका मायक्रोसेकंदाच्या टायमरने मोजला, तर 20,000 मध्ये एकाची. दोन क्षण नोंदवून वजाबाकी करण्याची ही रीत वेधशाळेतली आहे, आणि तिथली अडचणही तिच्याबरोबर आली.

तारा दुर्बिणीतली तार केव्हा ओलांडतो, हे खगोलज्ञ घड्याळाचे ठोके ऐकत आणि डोळ्याने तारा पाहत ठरवत. 1796 मध्ये ग्रिनिचच्या मॅस्केलाइन यांनी किनब्रुक या सहायकाला काढून टाकले, कारण त्याच्या नोंदी त्यांच्या नोंदींहून सुमारे 0.8 सेकंद उशिराच्या होत्या. असा फरक कुशल निरीक्षकांतही असतो, हे पुढे बेसेल यांनी दाखवले. त्याला ‘वैयक्तिक समीकरण’ म्हणतात. इंटरप्ट आल्यापासून टायमर वाचेपर्यंतचा विलंब हे प्रोसेसरचे वैयक्तिक समीकरण होय. हा विलंब स्थिर असेल तर वजाबाकीत नाहीसा होतो. चालू सूचना पूर्ण होण्याची किंवा दुसरा इंटरप्ट संपण्याची वाट पाहावी लागली की तो बदलतो, आणि तेवढी चूक आवर्तकालात उतरते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत विजेचा क्रोनोग्राफ वापरात आला. फिरत्या नळकांड्यावर घड्याळ सेकंदांच्या खुणा करी आणि निरीक्षक कळ दाबून त्यांतच आपली खूण उमटवी. तरी बोटाचा उशीर उरलाच. 1890च्या सुमारास रेप्सोल्ड यांच्या मायक्रोमीटरने तोही बराच कमी केला: ताऱ्यामागे सरकणारी तारच विजेचा संपर्क घडवून क्षण नोंदवू लागली.

संगणकातील पहिल्या इंटरप्टचा मान कोणी 1954च्या डायसिॲकला देतात, कोणी युनिव्हॅक 1103ला. कुळाच्या दृष्टीने दुसरा दावा बोलका आहे: क्लीव्हलंडच्या विमानविद्या प्रयोगशाळेत विंड टनेलमधली मोजमापे येताच त्यासाठी 1103चे चालू काम थांबवले जाई. म्हणजे इथेही इंटरप्टची गरज मोजमापातूनच उभी राहिली.

रेप्सोल्ड यांचा उपाय चिपमध्ये ‘इनपुट कॅप्चर’ या रूपात आला. 1970च्या दशकाच्या अखेरच्या मोटोरोला 6801मध्ये कड येताच 16 बिटी टायमरचा आकडा हार्डवेअरच रजिस्टरमध्ये उतरवी. 6801च्या रचनाकारांना वेधशाळेचा इतिहास ठाऊक असण्याची गरज नव्हती. तीच अडचण त्याच उत्तराकडे नेते. आर्दुइनो उनोच्या एटमेगा328पीमध्ये ही सोय आठव्या पिनवर आहे. इंटरप्टने पुढचा आकडा येण्याआधी हा उचलला की पुरे. त्याला थोडा उशीर झाला तरी माप बिघडत नाही. 16 मेगाहर्ट्झला हा टायमर 4.096 मिलिसेकंदांत शून्यावर येतो, म्हणून 50 हर्ट्झसाठी घड्याळाला 8ने भागतात; मग एक फेरी 32.768 मिलिसेकंदांची होते आणि आवर्तकाल तिच्यात मावतो.