डॉकखालचं खैराचं जंगल

मुंबईत १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना भरतीच्या पातळीच्या बऱ्याच खाली खैराची शेकडो खोडं सापडली. काही तर मुळांसकट उभीच! म्हणजे तिथे कधीकाळी कोरडी जमीन होती. मग जमीन खचली की समुद्र चढला? किनाऱ्यावरून दोन्ही सारखंच दिसतं.

सुमारे २० हजार वर्षांपूर्वी इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की जगभरचा समुद्र १२० मीटर खाली होता. आता आपणच हवा तापवतोय: कोमट पाणी फुगतं, हिमनद्या वितळतात. १९०१ ते २०१८ दरम्यान समुद्र सरासरी २० सेंटीमीटर चढला आणि वेग वाढतोच आहे.

अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राचा लॉग ठेवला जातोय. माझं ऑफिस भरावाच्या जमिनीवर आहे. म्हणून मी तो वाचतो.