बडोद्याच्या पालिका शाळांतील गणिताचे संगणकीय खेळ

मुलांनी खेळता खेळता शिकावे, या हेतूने संगणकीय खेळ तयार करण्याचा व्यवसाय अमेरिकेत १९८० च्या दशकात भरभराटीस आला. ‘द लर्निंग कंपनी’ ही १९८० साली स्थापन झालेली संस्था त्यात अग्रगण्य होती. भारतात असे खेळ गरीब मुलांच्या वर्गापर्यंत नेण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न ‘प्रथम’ या संस्थेने केला. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास मुंबईत ही संस्था उभी केली. हा प्रयत्न मात्र झाला तो बडोद्यात. ज्या संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते, तेथे.

बंद पडून राहिलेले संगणक

गुजरात सरकारने २००० साली बडोद्यातील १०० पालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. ते चालविणारे कोणी नसल्याने अनेक शाळांत ते तसेच पडून राहिले. लहान वर्गांतील मुलांचा त्यांना क्वचितच स्पर्श झाला. ‘प्रथम’ने ‘मीडिया-प्रो’ या स्थानिक कंपनीच्या साहाय्याने चौथीच्या गणितावर आधारित खेळ तयार केले. वस्तीतीलच तरुणांना पाच दिवसांचे प्रशिक्षण देऊन मार्गदर्शक म्हणून नेमण्यात आले.

खेळाची पद्धत

एका संगणकावर दोन मुले बसत. आठवड्यातून दोन तास खेळ चाले. एक तास शाळेच्या वेळेत आणि एक तास शाळेपूर्वी वा शाळा सुटल्यावर. मार्गदर्शक गणित शिकवीत नसत. मुलाच्या कुवतीस आव्हान देणारा खेळ निवडण्यास प्रोत्साहन देणे आणि मूल अडल्यास खेळात काय करावयाचे ते समजावणे, एवढेच त्यांचे काम होते.

निष्कर्ष

२००२-०३ मध्ये निम्म्या शाळांत हा उपक्रम राबविण्यात आला. पुढील वर्षी उरलेल्या शाळांची पाळी आली. त्यामुळे खेळणाऱ्या व न खेळणाऱ्या मुलांची तुलना शक्य झाली. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन यांचा हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. गणितातील प्रगती पहिल्या वर्षी ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलन इतकी आढळली. सोप्या शब्दांत, शंभर मुलांत मधोमध असलेले मूल दुसऱ्या वर्षीच्या हिशेबाने सुमारे १८ मुलांना मागे टाकू शकले. भाषा विषयावर मात्र परिणाम दिसला नाही. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

खर्चाचा प्रश्न

या उपक्रमाचा खर्च, संगणकाची किंमत धरून, दर मुलामागे वर्षाला सुमारे ७२२ रुपये होता. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतील तरुणीने रोज दोन तास शिकविण्याच्या ‘बालसखी’ योजनेस दर मुलामागे सुमारे १०७ रुपये लागत. तिचा लाभ पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ इतका होता. म्हणजे प्रगती कमी, परंतु खर्चाच्या मानाने कितीतरी अधिक. शिवाय दोन्ही उपक्रम संपल्यानंतर वर्षभरात लाभ सुमारे ०.१० पर्यंत ओसरला. खेळाने चौथीचे गणित सुधारले, हे या अभ्यासातून सिद्ध झाले. परंतु तो थांबताच मिळविलेले बरेचसे हातून निसटते, हेही त्याच आकड्यांनी दाखवून दिले.