जबड्यातली सावली

हनुमंताचे नाव आपण रोज घेतो, पण त्या नावात एक जबडा दडलेला आहे हे किती जणांच्या ध्यानात येते? हनु म्हणजे जबडा. सूर्याला फळ समजून झेपावलेल्या बाळ मारुतीवर इंद्राने वज्र टाकले, त्यात त्याचा जबडा दुखावला, आणि त्या दुखावल्या हाडावरूनच त्याला नाव मिळाले. आमच्या नागपुरात शनिवारी तेलंगखेडीच्या हनुमानाला जाणारी मंडळी नारळ फोडतात, प्रदक्षिणा घालतात. नावाचा अर्थ विचारला तर एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. इतके ओळखीचे हे हाड माणसाला नीट कळायला मात्र फार काळ लागला. त्याची हकिगत सांगतो. समोर चकल्यांचा डबा असेल तर तो बाजूला ठेवण्याचे काही कारण नाही.

खालचा जबडा एका हाडाचा की दोन हाडांचा? आपल्या चरकसंहितेत शरीरातील हाडांची गणती ३६० दिली आहे. (त्यांत दात आणि नखेही धरली आहेत!) जबड्याचे हाड तिथे एकच मोजले आहे. रोमन साम्राज्यातला थोर वैद्य गेलन याने मात्र दुसऱ्या शतकात ती दोन हाडे ठरवली. त्याने चिरून पाहिली होती ती माकडे आणि डुकरे. माणसाचे प्रेत चिरण्याची त्याला मोकळीक नव्हती. पण गेलनचा शब्द म्हणजे वेदवाक्य! हजार वर्षे वैद्य दोन हाडे शिकत आणि शिकवत राहिले.

पुढे १२०० च्या सुमारास इजिप्तमध्ये भयंकर दुष्काळ पडला. बगदादचा अब्द अल-लतीफ हा वैद्य त्या वेळी कैरोत होता. शहराजवळ मृतांच्या हाडांचा ढीग साचला होता. तिथे जाऊन त्याने दोन हजारांहून अधिक कवट्या पाहिल्या. प्रत्येक जबडा एकसंध! गेलन मोठा खरा, पण डोळ्यांची साक्ष त्याहून मोठी, असा निर्वाळा त्याने दिला. गंमत अशी की गेलनही अगदीच खोटा नव्हता. तान्ह्या बाळाचा जबडा दोन तुकड्यांचाच असतो. हनुवटीवरचा सांधा पहिल्या वर्षात जुळून येतो.

पण ही सारी मेलेल्यांची हाडे. जिवंत माणसाच्या जबड्यात काय आहे, हे कातडी न चिरता पाहण्याची विद्या १८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या रोंटगेनला सापडली. लगोलग, जानेवारी १८९६ मध्ये, वाल्कहोफ नावाच्या जर्मन दंतवैद्याने काळ्या कागदात गुंडाळलेली काच स्वतःच्या तोंडात धरली आणि २५ मिनिटे किरणांपुढे निश्चल पडून आपल्याच दातांचे चित्र घेतले. या किरणांनी पहिल्या साधकांची किंमतही वसूल केली. अमेरिकेतला दंतवैद्य केल्स याची आधी बोटे, मग हात असा एकेक भाग कापावा लागला. १९२८ साली तो गेला.

चित्र मिळाले, पण ते वाचायचे कसे? मी काही डॉक्टर नव्हे. मॅट्रिक झालेला, कादंबऱ्या लिहिणारा शाळामास्तर. तरी या प्रश्नाशी माझी गाठ पडली ती आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या गुरुजींमुळे. दाढ ठणकते म्हणून ते बर्डीवरच्या एका दवाखान्यात गेले. तिथे हनुवटी टेकवून उभे राहायचे, आणि यंत्र चेहऱ्याभोवती अर्धी प्रदक्षिणा घालून साऱ्या जबड्याचे एकच लांबट चित्र काढते. (ही युक्ती फिनलंडच्या पाटेरो यांची, १९४० च्या दशकाच्या अखेरची.) दाढेचे दुखणे किरकोळ निघाले, पण त्याच बाजूला, जबड्याच्या कोपऱ्याजवळ, शिरेच्या नळीखाली एक लंबगोल काळा डाग दिसला. गाठ असू शकेल, असे तिथला तरुण डॉक्टर सहज बोलून गेला. त्या सहजपणाने गुरुजींची आठ दिवसांची झोप नेली. बँकेचे पासबुक कुठे आहे, हेसुद्धा त्यांनी बायकोला दाखवून ठेवले.

दुसऱ्या, आडव्या छेदाच्या चित्रात उलगडा झाला. हाडात गाठ नव्हतीच. जिभेकडच्या बाजूने हाडाला एक खळगा होता, आणि त्या खळग्यात लाळेची ग्रंथी, घरट्यात पाखरू बसावे तशी, आरामात बसली होती. समोरून पाहणाऱ्या किरणाला तो खळगा भोकासारखा दिसला, इतकेच.

या खळग्याला नाव आहे स्टाफ्नेचे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या एडवर्ड स्टाफ्ने यांनी १९४२ साली अशा ३५ पोकळ्यांची हकिगत छापली. सगळ्या एकाच ठिकाणी, दुखणे कसलेच नाही. हजार माणसांत जेमतेम पाचांपर्यंत हा प्रकार सापडतो, आणि तोही बहुधा चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांत. उपचार काही नाही, लागतही नाही. नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय १९६८ साली निघाले, तेव्हा स्टाफ्नेचा लेख २६ वर्षांचा झाला होता. पण पुस्तकात नाव असणे वेगळे आणि समोरच्या काचेवर तेच ओळखणे वेगळे. जिभेकडची बाजू दाखवणारी छेदचित्रे येण्यापूर्वी, खात्री करून घेण्यासाठी काही जणांचे निरोगी जबडे उघडून पाहावे लागले आहेत. आत मिळाली ती लाळेची ग्रंथी!

याच्या अगदी उलट गोष्ट आमच्या विदर्भातलीच आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या सतरा वर्षांच्या एका मुलाचा उजवा जबडा दीड वर्ष सुजलेला होता. गावाकडे निदान होईना. कर्करोग तर नसेल, या भीतीने वडील त्याला मुंबईला घेऊन गेले. जे. जे. रुग्णालयात कळले की दात घडवणारे बीजच वाट चुकले आहे. एका दाढेच्या जागी ते दातांमागून दात घडवीत सुटले होते. अशा गाठीला डॉक्टर ओडोंटोमा म्हणतात. ती कर्करोग नव्हे. जुलै २०१४ मध्ये डॉ. सुनंदा धिवारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे सात तास शस्त्रक्रिया केली. गाठ इतकी टणक, की शेवटी छिन्नी-हातोडा घ्यावा लागला. मोत्यांसारखे बारीक दात एकेक करून निघत गेले आणि मोजदाद २३२ वर थांबली. २०१९ साली चेन्नईत सात वर्षांच्या एका मुलाच्या जबड्यातून ५२६ निघाले, आणि बुलढाण्याचा आकडा मागे पडला.

२३२ काढूनही आमच्या बुलढाण्याच्या मुलाच्या तोंडात २८ दात शिल्लक राहिले. चकलीला तेवढे पुष्कळ झाले.